पहिले दहा सेकंद

जानेवारीची सकाळ, निफाड तालुका. शेजारच्या बागेत द्राक्षांना थंडी मारू नये म्हणून पहाटे पेटवलेल्या शेकोट्या अजून धुमसतायत. आणि या पत्र्याच्या शेडमधून बाबा विमान ढकलत बाहेर आणतायत. दोन सीटचं, स्वतः बांधलेलं.

एचएएल या सरकारी विमान कंपनीचा ओझरचा कारखाना १९६४ साली मिग लढाऊ विमानांसाठी उभा राहिला. बाबा तिथे फिटर होते. निवृत्त झाले आणि दुसऱ्याच महिन्यात या शेडमध्ये ॲल्युमिनियमचे पत्रे येऊन पडले.

आज विमान उडणार नाही. त्यासाठी डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, परवानगी लागते, ते पुढचं. आज फक्त इंजिन बोलणार. रोटॅक्स ९१२, चार सिलिंडर, १०० हॉर्सपॉवर.

नव्या इंजिनात तेलाच्या वाटा कोरड्या असतात. म्हणून काल वरचे स्पार्क प्लग काढून नुसता सेल्फ मारला, ऑईल प्रेशर दिसेपर्यंत. मग पेट्रोलचं माप घेतलं. पूर्ण थ्रॉटलला इंजिन तासाला साधारण २७ लिटर पितं. पंपाने त्याच्या सव्वापट तरी द्यायलाच हवं. विमानाचं नाक वर उचलून धरलं आणि कॅन भरायला किती वेळ लागतो ते मोजलं.

आज सकाळी इग्निशन बंद ठेवून बाबांनी विमानाचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, हाताने फिरवला. सावकाश, तेलाच्या टाकीतून गुडगुड ऐकू येईपर्यंत. इंजिनातलं तेल टाकीत परतलं की हा आवाज येतो. त्यानंतरच तेलाची पट्टी खरं सांगते.

चाकांना ठोकळे. शेपटीचा दोर जमिनीतल्या खुंट्याला. मी आग विझवायचं सिलिंडर घेऊन बाजूला, पंख्याच्या रेषेबाहेर. फिरणारा पंखा डोळ्याला दिसत नाही, म्हणूनच त्याची भीती बाळगायची.

“क्लिअर प्रॉप!” बाबा ओरडले. म्हणजे, पंख्यापासून दूर व्हा.

(सेल्फचा आवाज. इंजिन धरतं.)

दहा सेकंद. तेवढ्यात ऑईल प्रेशरचा काटा उठला नाही, तर लगेच बंद करायचं. मी मोजत होतो. चारला काटा हलला. बाबांचा चेहरा मात्र हलला नाही.

दोन मिनिटं २००० आरपीएम. मग २५००, तेल ५० अंशांवर येईपर्यंत. या थंडीत त्याला किती वेळ लागतो! बाबांनी थ्रॉटल पुढे ढकलला नाही. मला तर वाटतं, त्यांची सगळी नोकरी या वाट बघण्यात होती.

मग ४०००. इंजिनाला ठिणगी देणाऱ्या दोन वेगळ्या इग्निशन, एकेक बंद करून बघायच्या. आरपीएम ३०० पेक्षा जास्त पडता कामा नये, आणि दोन्हींमधला फरक ११५ च्या आत हवा. दोन्ही बसले. दोर ताणला गेला, मागे धुळीचा लोट उठला.

(इंजिन बंद. शांतता.)

झाकण उघडलं, तर पाण्याच्या होजखाली एक थेंब. क्लॅम्प सैल, बाबांनी स्वतः आवळलेला. जमिनीवर तो थेंब आहे; हवेत त्यानेच सिलिंडर हेड तापतं, आणि तिथे थांबायला जागा नसते.

बाबा काही बोलले नाहीत. क्लॅम्प बदलला, पाणी भरलं. मग इग्निशन बंद आहे का ते पाहिलं आणि पुन्हा पंखा हाताने फिरवायला लागले. सावकाश, गुडगुड ऐकू येईपर्यंत.