कानामागचा स्क्रू आणि त्याभोवतीची कातडी

नमस्कार. पत्रिकेत आजच्या विषयाचं नाव भारदस्त छापलंय. आमच्या ओपीडीत पेशंट त्याला कानामागचा स्क्रू म्हणतात आणि आम्ही ‘बाहा’ म्हणतो, म्हणजे ‘बोन अँकर्ड हिअरिंग एड’: कानामागच्या हाडात बसवलेल्या स्क्रूच्या आधाराने लावायचं ऐकण्याचं मशीन. आज आपण तसंच बोलू. मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकणं तपासणारी आणि मशीन लावून देणारी; सर्जन नाही. ऑपरेशनचा अर्धा-पाऊण तास सर्जनचा. त्याआधीचे महिने आणि त्यानंतरची वर्षं माझ्या खोलीत जातात, म्हणून मी त्या दोन टोकांबद्दलच जास्त बोलणार आहे.

हे कोणासाठी, ते आधी सांगते. कानाच्या डॉक्टरांनी तुमच्या कानामागच्या हाडावर कधी ट्यूनिंग फोर्क टेकवला असेल. ज्यांच्या बाहेरच्या किंवा मधल्या कानात बिघाड आहे, त्यांना तो कानासमोर धरला की बारीक ऐकू येतो आणि हाडावर टेकवला की मोठ्याने. म्हणजे आतला कान शाबूत आहे, तिथवर जायची वाट बंद आहे. बाहा ती वाट सोडून हाडातून आवाज आत पाठवतो. वर्षानुवर्षं कान वाहणारे लोक यात येतात. कानात नेहमीच्या मशीनचा साचा बसवला की त्यांचा पू पुन्हा सुरू होतो. जन्मतःच कानाची नळी बंद असलेली मुलं येतात. आणि एक कान पूर्ण गेलेला, दुसरा चांगला, असेही लोक येतात. त्यांच्यात बहिऱ्या बाजूचा आवाज कवटीतून चांगल्या कानाकडे पोचतो. पण आवाज कुठल्या दिशेने आला हे त्यांना नंतरही नीट कळत नाही. हे ऑपरेशनआधी स्पष्ट सांगितलेलं बरं. आणि दोन्हीकडे आतला कानच निकामी असेल, तर बाहाचा उपयोग नाही.

या सगळ्याचं मूळ स्वीडनमध्ये आहे. पेर-इंगवार ब्रेनेमार्क हे संशोधक 1950च्या दशकात सशाच्या हाडात टायटॅनियमचं छोटं उपकरण बसवून रक्तपुरवठा पाहत होते. प्रयोग संपल्यावर ते काढायला गेले तर निघेना. हाड त्याला घट्ट धरून बसलं होतं. त्यातून आधी दातांचे इम्प्लांट आले, आणि 1977 मध्ये गोटेनबर्गला अँडर्स टेलस्ट्रॉम यांच्या चमूने पहिल्या रुग्णांच्या कानामागे स्क्रू बसवले. आजही तो स्क्रू फक्त 3 ते 4 मिलिमीटर लांबीचा असतो. त्याला जागेवर धरून ठेवतं ते पेशंटचं स्वतःचं हाड, आणि ते वाढायला वेळ लागतो. नंतरच्या सगळ्या थांबण्याचं कारण एवढंच आहे.

आता तयारी. माझा पहिला आग्रह ट्रायलचा. डोक्याला पट्टा बांधून त्यावर तेच मशीन लावता येतं. ते क्लिनिकमध्ये दहा मिनिटं लावून ‘छान ऐकू येतंय’ म्हणू नका. शक्य असेल तर काही दिवस घरी न्या. बाजारात जा, एसटीत बसा, जेवायच्या ताटाभोवती चार माणसं एकदम बोलतात तिथे बसून बघा. एक लक्षात ठेवा, पट्ट्यावर आवाज कातडीतून जातो, त्यामुळे थोडा दबतो, विशेषतः उंच स्वरांचा. ज्या बाहामध्ये स्क्रूवरची खुंटी कातडीबाहेर येते आणि मशीन तिच्यावर बसतं, त्यात तो याहून स्वच्छ मिळतो. तरीही ट्रायलमध्ये काहीच फरक वाटला नाही, तर मी ऑपरेशनचा सल्ला देत नाही. घरच्यांना हे आवडत नाही, पण डोक्यात स्क्रू त्यांच्या जाणार नसतो. पाचेक वर्षांखालच्या मुलांना आम्ही पट्ट्यावरच ठेवतो, कारण कवटीचं हाड अजून पातळ असतं. त्यांचे कान रिकामे राहत नाहीत, भाषा शिकणं थांबत नाही.

औषधांची यादी सर्जनला पूर्ण द्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. ज्यांनी दिली त्या हृदयरोगतज्ज्ञांचा शब्द त्यात शेवटचा. गावाकडचा काढा, पुड्या, तेही सांगा. शुगर ताब्यात हवी. तंबाखूबद्दल मी ओरडते ते उगाच नाही: निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, आणि जखमेला व हाडाला रक्त तिथूनच मिळायचं असतं. मिश्रीही त्यात आली, हे आज्यांना वेगळं सांगावं लागतं. डोक्यात इसब, सोरायसिस असेल किंवा जखमेचा वण फुगत असेल तर तेही आधीच कळायला हवं.

आणि एक सूचना, जी कागदावर क्वचितच असते. जागा आखायच्या दिवशी आपला चष्मा आणि आपलं हेल्मेट घेऊन या. स्क्रू कानाच्या छिद्रापासून साधारण 5 ते साडेपाच सेंटिमीटर मागे बसतो. मशीन कानाच्या पाळीला किंवा चष्म्याच्या काडीला टेकलं की शिट्टी मारतं. हेल्मेट नेमकं त्यावरच दाबत असेल तर माणूस एकतर मशीन काढून ठेवेल नाहीतर हेल्मेट. मुलाच्या कानाची पाळी पुढे प्लास्टिक सर्जनकडून बनवून घ्यायची असेल तर दोन्ही सर्जननी जागा एकत्र ठरवली पाहिजे, नाहीतर वण नको तिथे येतो.

ऑपरेशन मोठ्यांचं बहुतेक वेळा जागा बधिर करून होतं, लहान मुलांचं पूर्ण भूल देऊन, आणि मुलांचं कित्येकदा दोन टप्प्यांत. हल्ली केसही थोडेसेच काढतात. ड्रिल हळू चालवतात आणि वर पाण्याची धार ठेवतात, कारण तापलेलं हाड मरतं आणि मेलेलं हाड स्क्रू धरत नाही. जागे असाल तर ड्रिलचा आवाज प्रचंड येईल. दुखणार नाही, पण आवाज थेट हाडातून आतल्या कानात जातो. हे आधी माहीत नसलेले पेशंट टेबलावर घाबरतात.

बाहेर आल्यावर नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘ऐकू येतंय का?’ नाही येत. मशीन अजून लावलेलंच नाही. मोठ्यांमध्ये ते काही आठवड्यांनी लागतं, काही ठिकाणी तीन महिन्यांनी. मुलांना त्याहून जास्त थांबवतात. ऑफिसची रजा आणि घरच्यांची समजूत, दोन्ही या हिशेबाने ठरवा. डोक्याची पट्टी साधारण दुसऱ्या दिवशी निघते. खुंटीवर प्लास्टिकची टोपी आणि तिच्याखाली मलमाची पट्टी आठवडा-दहा दिवस राहते. टोपी निसटली तर घाबरू नका, पण लगेच फोन करा. तशीच सोडली तर कातडी सुजून खुंटीवर चढू शकते. तोवर डोक्यावरून पाणी नाही, दुसऱ्या कुशीवर झोप, जड उचलणं बंद. आजूबाजूची कातडी बधिर राहते, ती काही महिन्यांत बहुतेक परत येते. ताप, पू, वाढत जाणारी ठणक किंवा खुंटी हलतेय असं वाटणं, यातलं काहीही झालं तर तपासणीची तारीख येईपर्यंत वाट बघायची नाही.

खरं काम यानंतर सुरू होतं, आणि ते कातडीचं. खुंटी कातडीतून बाहेर येते आणि तिथली फट कधीच पूर्ण बुजत नाही. रोज आंघोळीला मशीन काढायचं, मऊ ब्रशने खुंटीच्या मुळाशी साबणपाणी फिरवायचं, खपली भिजवून काढायची, नखाने नाही. डोक्याला तेल चोपडायची आपली सवय इथे नडते: तेल, मृत कातडी आणि धूळ मिळून खुंटीभोवती चिकट थर बसतो. तेल बंदच करा असं मी म्हणत नाही, त्या बोटभर जागेपासून लांब ठेवा. केसांच्या कलपाचंही तेच. लाली, ओल, मांस वाढणं याला आम्ही 0 ते 4 अशा श्रेणी देतो. 1 म्हणजे थोडी लाली, ती स्वच्छतेनेच जाते. 2 ला मलम लागतं. त्या टप्प्यावर आलेला पेशंट सोपा, सहा महिने लपवून आलेला अवघड. मशीन ओढून काढू नका, तिरपं करून काढा. आणि पावसाळ्यात, कोकणात तर विशेष, रात्री ते सिलिका जेलच्या डबीत ठेवा.

‘कातडीबाहेर काहीच नको, चुंबकवालं बसवा’ असं हल्ली बरेच जण म्हणतात. ते इम्प्लांट सगळं आत असतं, वरून मशीन चुंबकाने चिकटतं. रोजची साफसफाई वाचते, दिसायलाही बरं. पण चुंबक जास्त घट्ट असेल तर खालची कातडी दुखते, आणि एमआरआयच्या वेळी अडचण येते: काहींना मर्यादेतच परवानगी असते, आणि चुंबकाजवळच्या भागाचं चित्र बिघडतं. खुंटीवाल्याचा टायटॅनियम स्क्रू एमआरआयमध्ये सहसा अडत नाही, मशीन मात्र खोलीबाहेरच ठेवायचं. दोन्ही प्रकारांत इम्प्लांटचं मॉडेल लिहिलेलं कार्ड मिळतं. ते कपाटातल्या फायलीत नको. आधार कार्डाशेजारी पाकिटात ठेवा आणि त्याचा फोटो घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्ये राहू द्या.