मैदानाची किल्ली कुणाकडे?

(दृश्य : करी रोडच्या पुलावरून दिसणारे टॉवर. मधोमध एक जुनी चिमणी.)

लालबाग-परळमध्ये ज्यांची हयात गेली, त्यांनाही आता इथलं आकाश पटकन ओळखता येत नाही. मुंबईत अठ्ठावन्न कापड गिरण्या होत्या आणि त्यांच्याखालची जमीन सुमारे ६०० एकर. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र एकेक करून थंडावल्या. शहराच्या पोटात, रेल्वे स्टेशनांना खेटून, एवढी जमीन मोकळी होण्याचा योग एकदाच येतो.

१९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत त्यासाठी ५८ क्रमांकाचा नियम होता. ढोबळमानाने तीन वाटे : एक महापालिकेला मैदानं आणि उद्यानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. १९९६ साली वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली, कारण तुकड्यातुकड्यांनी जमीन विकली तर रस्ते, मैदानं, शाळा यांचा मेळ बसणार नव्हता. अहवाल आला आणि कपाटात गेला.

मग २००१ साल. नियमात एक दुरुस्ती झाली. वाटणी व्हायची ती फक्त आधीपासून बांधकाम नसलेल्या जागेची. शेड पाडल्यावर जी जमीन निघेल ती हिशेबातून बाहेर. आता गिरणी म्हणजे शेडच शेड, त्यात अंगण ते केवढं! महापालिकेचा आणि म्हाडाचा वाटा कितीतरी पटींनी आकसला. जनहित याचिका झाली, २००५मध्ये उच्च न्यायालयाने याचिकाकर्त्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. पुढे २०१२मध्ये गिरणी कामगारांसाठी म्हाडाची पहिली सोडत निघाली, ती ६,९२५ घरांची. अर्ज होते दीड लाखाच्या आसपास.

(दृश्य : मॉलच्या काचेत परावर्तित झालेली चाळीची गॅलरी. पाच सेकंद. निवेदन थांबतं.)

गिरणगावाची ही गोष्ट आपण हळहळत ऐकतो. पण तिच्यात एक कामाची बाब आहे. नियम होता, वाटे ठरले होते, नामवंत वास्तुविशारदाचा आराखडा होता. नियम झाल्यानंतरच्या दहा वर्षांत त्याच्यावर रोज डोळा ठेवणारं, त्यातल्या बारीक अक्षरांवर बोट ठेवणारं मात्र पुरेसं कुणी नव्हतं. मुंबईत जागा हातची जाते ती बहुतेक वेळा अशीच.

(दृश्य : माटुंगा, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग. उड्डाणपुलाखालची वळणदार पायवाट.)

आता जरा दक्षिण भारतीय कॉफीच्या वासात येऊ. माटुंग्याचा तुळपुळे उड्डाणपूल झाला आणि मुंबईतल्या कुठल्याही पुलाखाली होतं तेच इथेही होऊ लागलं. बेवारस गाड्या, कचरा, रात्री गर्दुल्ले. रहिवाशांनी काय केलं? आधी राखण. पदरचे पैसे घालून रखवालदार ठेवले, पार्किंग होऊ दिलं नाही, आणि वॉर्ड ऑफिसचे उंबरे झिजवत राहिले. काही वर्षांनी महापालिकेने खर्च केला आणि २०१६मध्ये नानालाल डी. मेहता उद्यान सुरू झालं. आतली सुमारे ६०० मीटरची वाट नर्मदेच्या पात्रासारखी वळणं घेत जाते.

पुलाखाली बाग लावणं हा तसा उलटा उद्योग आहे. वरून ना ऊन ना पाऊस. जून ते सप्टेंबर दोन्ही बाजूंचे रस्ते तुंबतात, आणि मधल्या झाडांना पाणी मात्र पाइपनेच घालावं लागतं. म्हणून इथे सावलीत तग धरणारी झाडं लागतात, पाण्याची सोय लागते, आणि ते पाणी वेळेवर घालणारा माणूस लागतो. उद्घाटनाच्या फोटोत हा माणूस नसतो. तो सुट्टीवर गेला की आठवड्यात कळतं.

माटुंगा हे सुस्थितीतलं, शिकलेलं, ओळखी असलेलं गाव, हे मान्यच. रखवालदाराचा पगार वर्गणीतून निघतो अशा वस्त्या मुंबईत किती? त्यामुळे कॅमेरा आता हार्बर लाइनवर नेऊ.

(दृश्य : गोवंडी. दोन इमारतींमधली बोळ. वर आकाशाची पट्टी.)

एम पूर्व वॉर्ड. नटवर पारेख कंपाउंड ही पुनर्वसन वसाहत. शहरात रस्ते रुंद झाले, प्रकल्प आले, त्यांच्या वाटेत आलेल्या झोपड्यांतली माणसं इथे आणून ठेवली. एकोणसाठ इमारती, सुमारे पंचवीस हजार माणसं, आणि दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरचं अंतर. खालच्या मजल्यावर दुपारी बारालाही ट्यूबलाइट. अशा वसाहतींत क्षयरोग का फोफावतो यावर अभ्यास झालेत, आणि उजेड-वाऱ्याचा त्याच्याशी थेट संबंध दिसला आहे.

त्या तीन मीटरच्या बोळा कागदावर ‘मोकळी जागा’. प्रत्यक्षात वरून टाकलेल्या कचऱ्याचे ढीग आणि फुटलेल्या ड्रेनेजचं पाणी. रहिवासी आणि कम्युनिटी डिझाइन एजन्सी ही संस्था यांनी इथे काम केलं : ढीग उपसले, बोळांच्या बसण्या-खेळण्याच्या जागा केल्या, भिंती रंगवल्या, मुलांसाठी ‘किताब महल’ नावाचं वाचनालय उभं राहिलं. एकरांत मोजावं असं यात काहीच नाही. पण खिडकीतून पिशवी भिरकावणारा हात थांबवणं हे नियोजनाचं सगळ्यात अवघड काम असतं, आणि ते नकाशावर दाखवता येत नाही.

(दृश्य : मोकळा भूखंड. पांढऱ्या रेघा आखल्या जात आहेत.)

वस्तीने मिळून एखाद्या भूखंडाचा आराखडा करायचा, तर सुरुवात कुठून? माझं मत विचाराल तर मीटिंगच्या वेळेपासून. सकाळी नळाला पाणी येतं तेव्हा बायका येणार नाहीत. धुणीभांडी करणाऱ्या दुपारी दोन ते चारमध्ये सापडतात, मुलं रात्री दहानंतर. रविवारी सकाळी अकराला मंडळाच्या ऑफिसात सभा ठेवली की ठरलेले सहा काका येतात आणि नाना-नानी पार्क मंजूर होतं.

दुसरं, फक्की. शीटवरचा नकाशा भल्याभल्यांना वाचता येत नाही, आणि वाचता येत नाही हे कुणी कबूलही करत नाही. कबड्डीचं मैदान आखतो तशी फक्की घ्यायची आणि प्रत्यक्ष जमिनीवरच आखायचं : इथे शौचालय, इथून पाण्याचा टँकर वळणार, इथे झाडं, एवढं क्रिकेटला. मग खरी भांडणं सुरू होतात, आणि तीच तर हवी असतात. पिच वीस पावलांचं हवं म्हणणारी पोरं आणि अंधारात बाजूने जायला नको म्हणणाऱ्या मुली समोरासमोर येतात. रेघ पायाने पुसायची, दुसरी मारायची. संध्याकाळपर्यंत जो आराखडा उरतो तो सगळ्यांना तोंडपाठ असतो.

तिसरं, कागद. डीपी रिमार्क, म्हणजे विकास आराखड्यात ती जागा कशासाठी राखून ठेवलीय याचा पालिकेचा दाखला, काढायचा; मालकी दाखवणारी मिळकत पत्रिका काढायची. कुणाची जमीन? महापालिकेची, कलेक्टरची, बंदराची, रेल्वेची? आरक्षण कशाचं? आणि घड्याळ कुठे आलंय? हा शेवटचा प्रश्न फार थोडे विचारतात. १९६६च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याच्या कलम १२७नुसार, आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरच्या मुदतीतही पालिका हलली नाही, की आरक्षण रद्द. मैदान बुलडोझरशिवाय जातं.

चौथं, माती. मुंबईचे रिकामे भूखंड बहुधा डेब्रिजने, म्हणजे बांधकामाच्या राडारोड्याने, भरलेले असतात. पहार मारली की खण्ण आवाज येतो. वर लाल मातीचा थर देऊन झाडं लावली की पहिल्या पावसाळ्यात छान दिसतात, तिसऱ्यात मुळांना वाट सापडत नाही. आणि पेव्हर ब्लॉक, त्यांच्यावर तर माझा खास राग. पाणी मुरायची जी थोडी जागा उरलीय तिथेही आपण फरशी घालतो आणि मग पंपाची निविदा काढतो.

(दृश्य : महाराष्ट्र निसर्ग उद्यान, धारावी. पावसाच्या पाण्याचं तळं.)

धीर धरला तर काय होतं ते मिठी नदीच्या काठी बघा. महाराष्ट्र निसर्ग उद्यान, ३७ एकर. इथे एकेकाळी शहराचा कचरा पडायचा. कचऱ्यावर माती पसरून झाडं वाढवली, आणि १९९४मध्ये उद्यान लोकांना खुलं झालं. आज आत गेलं की धारावी आणि वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मध्ये आहोत हे पटत नाही. पण राखण संपलेली नाही. धारावी पुनर्विकासाच्या हद्दीत ही जागा येते की काय, हे स्पष्ट करून घ्यायला पर्यावरण कार्यकर्त्यांना उच्च न्यायालयात जावं लागलं.

(दृश्य : महापालिका मुख्यालय. फायलींचे गठ्ठे.)

सगळ्या शहराचा आराखडा होतो तेव्हा लोक कुठे असतात? फेब्रुवारी २०१५मध्ये विकास आराखडा २०३४चा मसुदा आला. चुका इतक्या की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो रद्दच केला. पण त्याआधी सुमारे ६५ हजार हरकती-सूचना दाखल झाल्या होत्या. काही वर्षं आधीपासून ‘हमारा शहर’ अभियानातल्या संस्था आणि वस्त्या वॉर्डावॉर्डांत सभा घेत होत्या, जमिनीचा प्रत्यक्ष वापर काय ते तपासत होत्या, म्हणून हरकत घ्यायला हातात काहीतरी होतं. सुधारित मसुदा २०१६मध्ये आला, मंजुरी २०१८मध्ये. हरकत घेणं जरुरीचंच, पण तोवर रेघा मारून झालेल्या असतात. सुनावणीला मिनिटं मिळतात.

पुढचा घोळ देखभालीचा. पालिकेकडे मैदानं आहेत, माळी पुरेसे नाहीत, म्हणून जागा ‘दत्तक’ द्यायच्या. काही संस्थांनी त्या नीट सांभाळल्या. काही ठिकाणी राजकारण्यांशी संबंधित क्लब उभे राहिले, गेटला कुलूप लागलं, आत जायला पैसे. जानेवारी २०१६मध्ये नव्या दत्तक धोरणावरून एवढी ओरड झाली की त्याला स्थगिती द्यावी लागली. २०२३मध्ये तोच वाद पुन्हा.

तेव्हा आराखड्याच्या पहिल्या सभेतच हे लिहून घ्यायला हवं : गेट किती वाजता उघडणार, किल्ली कुणाकडे, ती किती वर्षांनी दुसऱ्याकडे जाणार, टँकरचं बिल कोण भरणार, आणि हिशेब गेटवरच्या फळ्यावर दर महिन्याला कोण लिहिणार. तक्रार कुणाकडे हेही. मार्च २०२२मध्ये मुदत संपल्यावर महापालिकेत कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते, हे विसरू नका.

(दृश्य : महालक्ष्मी रेसकोर्स, हिरवळ आणि पलीकडे सागरी किनारा रस्ता.)

पुढची परीक्षा इथे आहे. रेसकोर्सची १२० एकर जागा महापालिकेकडे आली आहे, सागरी किनारा रस्त्यालगत आणखी सुमारे १७५ एकर. मध्यवर्ती उद्यानाची सुबक चित्रं प्रसिद्ध झाली आहेत. वरळी कोळीवाड्यातल्या बाईला आणि सात रस्त्याच्या चाळीतल्या पोराला बसचं एकच तिकीट काढून तिथे पोचता येईल का, आत हवं तिथे बसता येईल का, शौचालय किती अंतरावर आणि फुकट असेल का, हे त्या चित्रांत दिसत नाही. हरकती-सूचनांची जाहिरात निघायच्या आत हे प्रश्न लेखी, तारखेसह, पोच घेऊन वॉर्ड ऑफिसात गेलेले बरे.