सोडियमला इलेक्ट्रॉन द्यायचा नसतो!

नमस्कार मंडळी! हा बघा, खड्या मिठाचा एक खडा. कॅमेऱ्याच्या अगदी जवळ धरते. कडा कशी सरळ आहे बघा, आणि कोपरा जवळजवळ काटकोनात. सगळेच खडे इतके देखणे नसतात, मूठभर चाळले तेव्हा हा सापडला. याला कुणी कापलेलं नाही. खारं पाणी उन्हात आटत गेलं आणि मीठ आपसूक असं जमत गेलं. आता बत्त्याचा एक हलका ठोका देते.

[ठोका. तुकडे भिंगाखाली.]

बघितलंत? तुकड्यांच्या कडाही पुन्हा सरळच. हे लक्षात ठेवा, याच्याकडे परत यायचंय.

दहावीच्या मुलांना विचारलं की मीठ कसं तयार होतं, तर उत्तर तोंडपाठ असतं. सोडियमकडे ११ इलेक्ट्रॉन, मांडणी २, ८, १. क्लोरीनकडे १७, मांडणी २, ८, ७. सोडियमला शेवटचा एक देऊन टाकायचा असतो, क्लोरीनला एक हवा असतो, दिला-घेतला, दोघांचं अष्टक, म्हणजे बाहेरच्या कवचातले आठ इलेक्ट्रॉन, पूर्ण, झाला आयनिक बंध. परीक्षेत मार्क मिळतात, पण ‘देऊन टाकायचा असतो’ हे शब्द मला खटकतात. चला, हिशेब मांडून बघू.

सोडियमचे सुटे, वायुरूप अणू घ्या, एकूण २३ ग्रॅम. त्यातल्या प्रत्येक अणूचा एकेक इलेक्ट्रॉन काढायला ४९६ किलोज्यूल ऊर्जा खर्च होते. म्हणजे सोडियम इलेक्ट्रॉन सहज सोडत नाही, तो ओढून काढावा लागतो. आता तेवढेच इलेक्ट्रॉन क्लोरीनच्या तेवढ्याच अणूंना दिले की ३४९ किलोज्यूल परत मिळतात. खर्च ४९६, जमा ३४९. १४७ ची तूट! नुसती देवाणघेवाण केली तर व्यवहार चक्क घाट्यात जातो.

मग मीठ बनतंच कसं?

इलेक्ट्रॉन गेला की सोडियम धन आयन, म्हणजे धन प्रभार असलेला अणू होतो, इलेक्ट्रॉन आला की क्लोरीन ऋण आयन होतो, त्याला क्लोराइड म्हणतात. विरुद्ध प्रभार एकमेकांना ओढतात. आणि एकास एक अशी जोडी करून ते थांबत नाहीत. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड: पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. प्रत्येक क्लोराइडभोवती तसेच सहा सोडियम. सुटे आयन असे रचले जाताना ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. १४७ ची तूट त्यातून भरून निघते आणि वर भरपूर उरतं. इलेक्ट्रॉन गेला तो या रचनेच्या जोरावर. माझ्या मते आयनिक बंधाचा खरा गाभा इथे आहे, अष्टक ही त्याची फक्त खूण.

‘मग सोडियम दोन इलेक्ट्रॉन का देत नाही?’ हा प्रश्न मुलं विचारतात, आणि विचारायलाच हवा. पहिल्याला ४९६ लागले, दुसऱ्याला ४५६२ लागतात! तो आतल्या कवचातला, केंद्रकाच्या जास्त जवळचा. एवढी रक्कम कुठलाच स्फटिक भरून देत नाही.

आता तो मघाचा तुकडा. ठोका बसल्यावर आयनांचा थर किंचित सरकला. धनासमोर धन आलं, ऋणासमोर ऋण. सारखे प्रभार एकमेकांना ढकलतात, म्हणून खडा त्या सरळ रेषेतच फुटला.

भौतिकशास्त्रज्ञ विल्यम ब्रॅग आणि त्यांचा मुलगा लॉरेन्स यांनी १९१३ मध्ये क्ष-किरणांनी मिठाची ही रचना उलगडली. १९१५ चं नोबेल दोघांना मिळालं, मुलगा तेव्हा फक्त २५ वर्षांचा. पण या रचनेत सोडियम क्लोराइडचा वेगळा रेणू कुठे दिसतच नव्हता. अमुक सोडियम अमुक क्लोरीनचा, असं बोट ठेवून सांगता येत नाही, सगळा बुद्धिबळाचा पट! हेन्री आर्मस्ट्राँग नावाच्या ज्येष्ठ रसायनशास्त्रज्ञांना हे इतकं सहन होईना की १९२७ मध्ये त्यांनी ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात निषेधाचं पत्र लिहिलं. शीर्षकाचा अर्थ, ‘बिचारं मीठ!’ पण पट खरा होता.

आता दुसरी बाजू. क्लोरीनसमोर क्लोरीनच आला तर? तोच हिशेब लावू. एका क्लोरीनचा इलेक्ट्रॉन काढायला १२५१ लागतात, दुसऱ्याला देऊन मिळतात तेच ३४९. तूट ९०२. मिठाच्या स्फटिकानं दिले तसे ७८७ मिळाले तरी भागत नाही. देणं परवडत नाही, मग दोघं एकेक इलेक्ट्रॉन सामाईक ठेवतात. हा सहसंयुज बंध. पुस्तकात याला इलेक्ट्रॉनांचं संदान म्हणतात.

सामाईक म्हणजे काय? इलेक्ट्रॉनांची ती जोडी बराच वेळ दोन केंद्रकांच्या मधल्या जागेत असते. डावं केंद्रक तिला ओढतं, उजवंही ओढतं, आणि त्या ओढीत दोघं एकमेकांशी बांधले जातात. म्हणजे इथंही काम करते ती धन-ऋण प्रभारांची ओढच. मिठात एक, साखरेत दुसरी, अशी काही वेगळी जादू नाही.

साखरेच्या एका रेणूत कार्बन १२, हायड्रोजन २२, ऑक्सिजन ११. एकूण ४५ अणू, सगळे सहसंयुज बंधांनी जोडलेले. कार्बनला बाहेरचे चारही इलेक्ट्रॉन द्यायचे म्हटले तर खर्च १४,००० किलोज्यूलच्या वर जातो. म्हणून कार्बन भागीदारीच करतो.

साखरेत हे रेणू शेजारी-शेजारी बसलेले असतात, आणि शेजाऱ्यांमधली ओढ आतल्या बंधांच्या मानानं फारच कमजोर. म्हणून साखर तव्यावर वितळते. मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात. तापलेल्या कढईत खडे मीठ तडतडतं ते खड्यात अडकलेल्या पाण्याची वाफ झाल्यामुळे. आणि साखर तपकिरी व्हायला लागली, कॅरॅमलचा वास सुटला, की समजा आतले सहसंयुज बंधही तुटायला लागलेत.

आता प्रयोग. ९ व्होल्टची बॅटरी, लाल एलईडी, ३३० ओहमचा रोधक आणि पेन्सिलीची दोन शिसं. घरातल्या सॉकेटच्या विजेवर हे अजिबात करायचं नाही! पाणी डिस्टिल्ड घ्या, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते. नळाच्या पाण्यात आधीच क्षार असतात.

[शिसं कोरड्या मिठात.] दिवा लागत नाही. आयन आहेत, पण जागेवर जखडलेले. [मिठाच्या पाण्यात.] लागला! पाण्यानं आयन सुटे केले. शिसांपाशी बुडबुडे येतायत बघा, त्यात थोडा क्लोरीनही असतो, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि लगेच थांबा. [साखरेच्या पाण्यात.] काही नाही. साखर विरघळली, पण रेणू अखंडच राहिले. त्यांच्यावर प्रभार नाही, तर वीज नेणार कोण?

शेवटची वाटी लिंबूसत्वाच्या पाण्याची, म्हणजे ढोकळ्यात घालतात ते सायट्रिक ॲसिड. याचा रेणू साखरेसारखाच, आत सगळे सहसंयुज बंध. दिवा लागणार नाही असं वाटतं ना? [शिसं बुडवते.] लागला, पण मिठाच्या पाण्यापेक्षा मंद.

या रेणूत काही ठिकाणी हायड्रोजन ऑक्सिजनला जोडलेला असतो. त्यांची जोडी नावाला सामाईक, पण ऑक्सिजन तिला स्वतःकडे जास्त ओढून धरतो. पाण्यात गेल्यावर काही रेणूंमधला हायड्रोजन इलेक्ट्रॉन मागेच ठेवून पाण्याच्या रेणूला जाऊन चिकटतो. मागे ऋण आयन उरतो, पाण्याकडे धन आयन तयार होतो. सगळ्या रेणूंचं असं होत नाही, थोड्यांचंच होतं. म्हणून हा दिवा इतका मंद आहे.