चिठ्ठीवरचा आकडा

(दृश्य: फिरत्या तपासणी गाडीचा आतला भाग. एक्स-रे प्लेटला छाती टेकवून उभी बाई.)

तंत्रज्ञाचा आवाज: हनुवटी वर. खांदे पुढे. श्वास घ्या... रोखून धरा... हं, सोडा.

निवेदन:
काही सेकंदांत फुप्फुसांचं चित्र पडद्यावर येतं. वरच्या टोकाला लाल-पिवळा डाग. कोपऱ्यात आकडा: ५२.

गाडीत डॉक्टर नाही. एक्स-रे वाचला तो एआय सॉफ्टवेअरनं. टीबीच्या चाळणीत एक्स-रे वाचायला माणसाऐवजी असं सॉफ्टवेअर चालेल, असं जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च २०२१मध्ये सांगितलं. फक्त १५ वर्षं आणि त्यावरच्या वयासाठी. लहान मुलांना त्यातून वगळलं.

(दृश्य: पडद्यावरचा ५२, जवळून.)

५२ म्हणजे टीबीची शक्यता ५२ टक्के, असं वाटतं ना? तसं नाही. ही त्या सॉफ्टवेअरची स्वतःची मोजपट्टी. दुसऱ्या कंपनीचा ५२ वेगळा. त्याच कंपनीची नवी आवृत्ती आली की जुना ५२ही जुना होतो.

(दृश्य: मॉनिटरच्या कडेला चिकटवलेली चिठ्ठी. खोडलेला ६०, खाली पेनानं ४५.)

आणि हा कट-ऑफ. याच्यावर आकडा गेला की थुंकीचा नमुना घ्यायचा, खाली राहिला की घरी पाठवायचं. हा आकडा यंत्रानं दिलेला नाही. तो माणसांनी, टेबलाभोवती बसून ठरवलाय.

कट-ऑफ खाली आणला की प्रयोगशाळेत नमुन्यांचा ढीग लागतो, चाचणीचा साठा महिन्याआधीच संपतो. वर नेला की साठा पुरतो, पण काही आजारी माणसं तपासणीविनाच घरी जातात. टीबी होऊन बरे झालेल्यांच्या फुप्फुसांवर व्रण राहतात, ते पाहूनही सॉफ्टवेअर दचकतं. असे लोक कुठं जास्त, कुठं कमी. म्हणून परक्या मुलखातला कट-ऑफ उचलून इथं लावता येत नाही.

(दृश्य: नमुन्यांच्या डब्या, लेबलं, रजिस्टर. बराच वेळ.)

इथं काय केलं? काही काळ आकडा कितीही येवो, प्रत्येकाचा एक्स-रे काढला आणि प्रत्येकाचा नमुनाही घेतला. नमुन्यात टीबीच्या जंतूचा डीएनए सापडला का, ते रजिस्टरच्या एका रकान्यात. सॉफ्टवेअरचा आकडा शेजारच्या रकान्यात. मग ओळीमागून ओळ ताडून पाहिली. कंटाळवाणं काम. कॅमेऱ्यालाही कंटाळा येईल असं. पण जबाबदारीनं एआय वापरणं म्हणतात ते आम्हाला या रजिस्टरात दिसलं, परिषदांच्या मंचावर नाही. स्थानिक कट-ऑफ ठरवायची ही रीत संघटनेनंही आखून दिली आहे.

आकडा नेमकं काय मोजतोय हे न विचारता चालवला तर काय होतं, ते २०१९मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकातल्या एका अभ्यासानं दाखवलं. अमेरिकेतली एक प्रणाली रुग्णाची गरज त्याच्यावर झालेल्या खर्चावरून जोखत होती. कृष्णवर्णीयांवर खर्च कमी होत असे, म्हणून तितकेच आजारी असूनही ते तिला कमी आजारी वाटत.

(दृश्य: जुन्या यादीवर फिरणारं बोट.)

इथं कट-ऑफ ६० असताना ४५च्या वरचेही काही जण घरी गेले. त्यांना पुन्हा बोलावणं सुरू आहे.

(दृश्य: गाडीची पायरी. मघाचीच बाई. तंत्रज्ञ तिच्या हातात डबी देते.)

तंत्रज्ञाचा आवाज: मावशी, खोल खोकून काढा. नुसती लाळ नको.

(निवेदन नाही. बाई गाडीमागे मोकळ्या जागेत जाते. कॅमेरा पायरीपाशीच थांबतो.)