गायब फळ्यांची छावणी

सागान. आज पोलंडमधलं झागान, तेव्हा जर्मनीत होतं. इथल्या पाइनच्या जंगलात जर्मन हवाई दलाने पकडलेल्या वैमानिकांसाठी छावणी बांधली, स्टालाग लुफ्ट ३. २४ मार्च १९४४ च्या रात्री ‘हॅरी’ नावाच्या भुयारातून ७६ कैदी निसटले. तिघेच कायमचे सुटले. ७३ पुन्हा हाती लागले आणि त्यांतल्या ५० जणांना हिटलरच्या हुकमावरून गोळ्या घातल्या गेल्या.

ही छावणी छोट्या मॉडेलच्या रूपात टेबलावर उभी करायची, तर सामान आणायचं कुठून?

पहारेकऱ्यांची बाजू सोपी आहे. १:३५, म्हणजे खऱ्या वस्तूच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढं, हे लष्करी मॉडेलचं रुळलेलं माप. तामिया या जपानी मॉडेल कंपनीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचं मॉडेल काढलं. आत मोटर आणि बॅटऱ्या बसायला हव्यात, म्हणून त्याचा आकार ठरला, आणि पुढे तेच माप जगभर चालू लागलं. त्यामुळे या मापात हेल्मेट, रायफली, जेरीकॅन, ट्रक, हवं ते मिळतं. काटेरी तारसुद्धा मिळते, पण मोटरच्या कॉइलमधली बारीक तांब्याची तार पीळ देऊन केलेली कितीतरी बरी दिसते, हे आमचं मत.

कैद्यांचं मात्र तयार खोक्यात फार थोडं सापडतं. त्यासाठी यादी लागते, आणि ती जर्मनांनीच करून ठेवली आहे. पलायनानंतर त्यांनी छावणीची झडती घेऊन काय काय गायब आहे ते मोजलं. पलंगांच्या सुमारे ४,००० फळ्या. ५२ मोठी टेबलं, ७६ बाकं, ३४ खुर्च्या. १,२१९ सुऱ्या, ६९ दिवे, ३० फावडी. शिवाय शेकडो फूट विजेची तार.

आता गंमत बघा. यातलं बरंचसं जमिनीच्या पोटात गेलं होतं, म्हणजे बराकीत ते *दिसताच* कामा नये. तयार पलंगाच्या किटमध्ये फळ्या ओळीने, एकीला एक लागून असतात. त्यातल्या निम्म्या काढून टाका. उरलेल्या दूर दूर चिकटवा आणि वरची गादी मधोमध जरा खचलेली दाखवा. विकत घेतलेल्या कुठल्याही वस्तूपेक्षा हा पलंग जास्त बोलतो.

फळ्यांनी भुयाराच्या भिंती आणि छत सावरलं होतं, कारण खालची वाळू क्षणात ढासळायची. भुयाराची रुंदी-उंची जेमतेम ६० सेंटिमीटर, म्हणजे १:३५ मध्ये १७ मिलिमीटर. लांबी १०० मीटरच्या वर. ती पुरी दाखवायची तर जवळजवळ तीन मीटरचं टेबल लागेल! १:७२ घेतलं तरी दीड मीटरच्या आसपास जातं. शहाणा माणूस भुयाराचा एक तुकडाच उभा कापून दाखवतो.

त्या तुकड्यात सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे दूध पावडरचे डबे. क्लिम नावाची ही पावडर रेड क्रॉसच्या पार्सलातून यायची. रिकाम्या डब्यांचे बूड काढून ते एकाला एक जोडले, की हवेची नळी तयार. असे १,४०० च्या वर डबे वापरले गेले. मॉडेलमध्ये डबा तीन-चार मिलिमीटर जाडीचा होतो. किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या फ्रेमला जोडलेले येतात, तिची गोल काडी तेवढ्याच लांबीचे तुकडे करून कापली की काम झालं. फक्त प्रत्येक सांध्यावर एक बारीक रेघ हवी, नाहीतर ती नळी कारखान्यात केल्यासारखी दिसते.

माणसांचं काय? पवित्र्यातले सैनिक इथे निरुपयोगी. खिशात हात घालून उगाच फिरणारे हवेत, कारण खणलेली वाळू पँटच्या आत लपवलेल्या पिशव्यांतून बाहेर न्यायची आणि खिशातून दोरी ओढून हळूच सांडायची, अशी पद्धत होती. रेल्वे मॉडेलचे १:३२ मापाचे प्रवासी त्यासाठी चालून जातात, थोडे उंच वाटले तर पायाशी घासून घ्या. वरची माती राखाडी आणि खालची वाळू पिवळी, म्हणून ताजी वाळू पहाऱ्याच्या बुरुजावरूनही ओळखू यायची. तेव्हा एखाद्याच्या बुटाभोवती पिवळ्या पावडरची चिमूट टाका, आणि ती बुटाच्या टाचेने मातीत मिसळलेली दिसेल इतकीच ठेवा. हे काम सगळ्यात शेवटी करायचं. वॉर्निशचा हात आधीच मारून झालेला असावा, नाहीतर पिवळा रंग पसरून सगळ्या मैदानाला लागतो.