गोठ्यातला टोम्टे

(बर्फ. लाकडी शेतघरं. गोठ्याचं बुटकं दार.)

स्टॉकहोममधलं स्कान्सेन. आर्तुर हाझेलियस यांनी 1891 साली उघडलेलं संग्रहालय. खेड्यापाड्यांतली जुनी घरं सुटी करून इथे आणली, पुन्हा उभी केली. हे शेतघर डालार्ना प्रांतातल्या मूराचं. टोम्टे म्हणजे स्वीडिश लोककथांतला, शेतघराची राखण करणारा बुटका. तो राहायचा अशाच घरांच्या गोठ्यात.

लहान मुलाएवढा बुटका. करडे लोकरी कपडे, पांढरी दाढी, लाल टोपी. घरात निजानीज झाली की हा कामाला लागे. गव्हाणीत चारा टाकायचा, घोड्यांना खरारा करायचा. आवडत्या घोड्याच्या आयाळीला वेणी घालायचा, आणि ती वेणी कुणी सोडायची नाही. ज्या गड्यानं मुक्या जनावरावर हात उगारला, त्याच्या कानाखाली बसलीच म्हणून समजा!

(चुलीवर लापशी. लोण्याचा गोळा विरघळतो.)

वर्षाची मजुरी म्हणजे नाताळच्या आदल्या रात्री वाडगाभर लापशी. वर लोणी हवंच. एका घरी मोलकरणीनं ते तळाशी दडवलं. लोणी दिसेना, तसा टोम्टे संतापला आणि त्यानं दावणीची गाय मारली. परत येऊन लापशी खाल्ली, तर तळाशी लोणी! रातोरात त्यानं शेजारच्या गोठ्यातून तशीच गाय आणून बांधली.

(धान्याची कणसं, जवळून.)

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. टोम्टे एकच कणीस धापा टाकत वाहून आणत होता. मालक हसला: एवढ्याशा कणसाचं ओझं होतं होय? टोम्टे तसाच वळला, कणीस घेऊन शेजाऱ्याकडे गेला. त्या घरची बरकत त्याच्यामागून गेली. राबणाऱ्याला हसू नये, हे त्या शेतकऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

घरच्या अशा देवांना भजू नका, असं संत बिर्गिट्टांनी 14व्या शतकातच बजावलं होतं. लापशी काही थांबली नाही.

(जुनी नाताळ-कार्डं.)

1881 मध्ये विक्टर रिडबेरी यांच्या टोम्टेवरच्या कवितेसाठी येन्नी न्युस्ट्रम यांनी चित्रं काढली. पुढे त्यांच्या नाताळ-कार्डांवर टोम्टे घरोघर पोचला, भेटवस्तू वाटू लागला. गाई-घोडे मागे पडले, दुकानांत टोपी आणि दाढी तेवढी उरली.

पूर्वी भेटी आणायचं काम नाताळच्या बोकडाचं. तो आता गवताचा होऊन झाडाखाली उभा असतो.