अपुरं मॉडेल टेबलावर ठेवा

मित्रहो,

मॉडेल बनवणं हा एकट्याचा छंद आहे असं बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, आणि ते वाटणं स्वाभाविक आहे. टेबल, दिवा, चिमटा आणि समोर १:७२ प्रमाणातलं विमान. या प्रमाणात पावणेसहा फूट उंचीचा वैमानिक जेमतेम २४ मिलिमीटरचा होतो. त्याची सीट कॉकपिटमध्ये बसवताना श्वाससुद्धा रोखून धरावा लागतो, तिथे गप्पा कुठल्या? मग अशा कामात रमणाऱ्या माणसांना क्लब कशाला लागतो?

मी बरीच वर्षं अशा एका क्लबात आहे. तिथे मला जे दिसलं ते आधीच सांगून टाकतो, कारण बाकीचं बोलणं त्याचाच विस्तार आहे. पूर्ण झालेल्या मॉडेलला आमच्याकडे दाद मिळते. माणसं एकमेकांची होतात ती मात्र अपुऱ्या मॉडेलभोवती.

थोडं मागे जाऊ. प्लॅस्टिकची किट्स, म्हणजे घरी जोडायच्या सुट्या भागांचे संच, पहिल्यांदा विकायला आली ती ब्रिटनमध्ये, १९३६ साली. 'फ्रॉग पेंग्विन' या नावाची, १:७२ प्रमाणातली विमानं होती ती. त्याआधी मॉडेल म्हणजे लाकूड तासायचं, आणि नंतरही बरीच वर्षं लाकूडच चाललं. १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी मुलांकडून पाच लाख मॉडेल विमानं मागवली. सैनिकांना आकाशातलं विमान आपलं की शत्रूचं हे आकारावरून ओळखायला शिकवायचं होतं. १:७२ चं मॉडेल ३५ फुटांवर धरलं, की ते जवळपास अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढं दिसतं. हिशेब साधा आहे, पण त्यासाठी मॉडेलचा आकार अचूक हवा. मुलं शाळेच्या कार्यशाळेत शेजारीशेजारी बसून ती तासत होती. मला या इतिहासातला हा भाग फार आवडतो. युद्धाचं प्रयोजन बाजूला ठेवा; एकाच्या हातातला ठोकळा शेजारचा न्याहाळतोय आणि 'शेपूट जाड झालीय' म्हणून सांगतोय, हे दृश्य आमच्या बैठकीत आजही तसंच दिसतं.

युद्धानंतर पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकची किट्स आली. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीचं स्पिटफायर या लढाऊ विमानाचं किट १९५३ साली बाजारात आलं आणि हा छंद घराघरांत शिरला. पुढच्या दहा वर्षांत मुलांची मोठी माणसं झाली, पण छंद सुटला नाही. १९६३ साली ब्रिटनमध्ये इंटरनॅशनल प्लॅस्टिक मॉडेलर्स सोसायटी स्थापन झाली आणि १९६४ मध्ये तिची अमेरिकी शाखा. पुढे कितीतरी देशांत तिच्या शाखा झाल्या आणि गावोगावचे छोटे क्लब त्यांना जोडले गेले.

त्या काळी क्लबाची गरज उघड होती. माहिती दुर्मीळ होती. अमुक तुकडीच्या विमानाचं पोट निळसर होतं की राखाडी, हे कळायला कुणाकडे तरी एक छायाचित्र असायचं, दुसऱ्याकडे एखादं पुस्तक, तिसऱ्याने ते विमान संग्रहालयात प्रत्यक्ष पाहिलेलं असायचं. हे सगळे एका टेबलाशी बसले की मिळून एक ग्रंथालय व्हायचं. आज ती सगळी माहिती फोनवर आहे. चाकाच्या खाचेतल्या नळ्यांचे फोटो दोन मिनिटांत सापडतात. तरी क्लब बंद पडले नाहीत. म्हणजे माहितीच्या निमित्ताने माणसं येत होती, पण टिकून राहत होती ती वेगळ्याच कारणाने. ते कारण काय, हे मला एक प्रसंग जवळून दाखवून सांगू द्या.

आमचे एक सभासद एकदा दुसऱ्या महायुद्धातलं एक लढाऊ विमान घेऊन आले. अर्धवट. पंख जिथे धडाला मिळतो तिथे वरच्या बाजूला फट राहिली होती, नखाचं टोक आत जाईल एवढी. या फटीपायी ते मॉडेल कित्येक महिने खोक्यात पडून होतं. त्यांनी ते बाकीच्यांच्या तयार मॉडेलांपासून जरा दूर, टेबलाच्या कडेला ठेवलं. आमच्यातल्या एका जुन्या, अबोल गड्याने ते उचललं, दिव्याखाली फिरवलं, सांध्यावरून नख ओढलं आणि म्हणाला, "इथे पुट्टी भरू नका. खऱ्या विमानातही इथे जोडाची रेघ आहे, ती बुजेल. पंख खाली पडलेत, ते उचलू या."

मग त्याने मास्किंग टेपची लांब पट्टी काढली. एका पंखाच्या टोकाला चिकटवली, धडावरून ताणत दुसऱ्या टोकापर्यंत नेली. पंख किंचित वर उचलले गेले आणि वरची फट मिटली. पण टेप ताणून धरायला दोन हात लागतात, आणि त्याच वेळी सांध्याला सिमेंट लावायला तिसरा. तो तिसरा हात मॉडेलवाल्यांचा. त्यांनी पातळ सिमेंटमध्ये ब्रश बुडवला आणि त्याचं टोक सांध्याला नुसतं टेकवलं. सिमेंट आपोआप त्या बारीक रेघेतून पुढे धावत गेलं. हे सिमेंट म्हणजे खरं तर विद्रावक. ते दोन्ही बाजूंचं प्लॅस्टिक विरघळवतं, दोन्हीकडचे रेणू एकमेकांत मिसळतात, मग विद्रावक उडून जातो आणि सांध्याच्या जागी सलग प्लॅस्टिक उरतं.

पण ते लगेच होत नाही. टेप लावली तरी सांधा पकडेपर्यंत हात सोडवत नाहीत. तेवढा वेळ दोघं एकाच मॉडेलला धरून बसले होते, आणि दोघांची नजर त्या सांध्यावर होती. तेव्हा मॉडेलवाले म्हणाले, की मुलगी परदेशी गेल्यापासून संध्याकाळी घरी बसवत नाही. अबोल गडी म्हणाला, "माझी दोन्ही मुलं बाहेर आहेत." बस, एवढंच. दोघांनी मान वर केली नाही. त्या दिवसापासून मात्र दोघं बैठकीला एकाच गाडीने येऊ लागले.

समोरासमोर बसवून 'बोला, काय दुखतंय' म्हटलं की पुष्कळ माणसं गप्प होतात, विशेषतः पुरुष. हात कामात असले आणि डोळ्यांना पाहायला काहीतरी असलं की तीच माणसं मोकळी होतात. ऑस्ट्रेलियात 'मेन्स शेड' नावाची चळवळ याच अनुभवावर उभी राहिली. निवृत्त, एकाकी पुरुषांनी सुतारकाम, दुरुस्ती करायला एकत्र जमायचं. २००७ साली तिथे या शेडची राष्ट्रीय संघटना झाली. पुरुष तोंडासमोर तोंड ठेवून बोलत नाहीत, खांद्याला खांदा लावून बोलतात, हे त्यांचं बोधवाक्य. मॉडेल क्लबात मला ते रोज पटतं. आणि आमच्याकडे ते फक्त पुरुषांपुरतं राहिलेलं नाही. आमच्या क्लबातल्या सर्वांत बारीक हाताच्या सभासद एक महिला आहेत, आणि त्यांच्या टेबलाभोवती सर्वांत जास्त खुर्च्या ओढल्या जातात.

आता क्लबात माणसं किती तऱ्हेची असतात ते सांगतो. कुणी रिव्हेट मोजणारा असतो, कुणी रंगात रमणारा. कुणाला मॉडेलपेक्षा त्यामागची लढाई, जहाज, कारखाना यांचा इतिहास हवा असतो. कुणी वर्षात एकच मॉडेल करतो, कुणी महिन्याला दोन. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९४६ साली मॉडेल रेल्वेचा एक क्लब सुरू झाला. त्यात सरळ दोन गट होते. काहींना टेबलाच्या वरचं प्रिय होतं, म्हणजे गाड्या, डोंगर, स्टेशनं. काही टेबलाखाली वायरी आणि रिले (विजेवर चालणारे स्विच) यांच्या जंजाळात खूष होते. हा खालचा गट पुढे संस्थेच्या सुरुवातीच्या संगणकांकडे वळला आणि संगणकाच्या इतिहासात त्यांचं नाव झालं. त्यांची आवड दुसऱ्या गटाहून इतकी वेगळी असूनही एकाच टेबलाने त्यांना धरून ठेवलं, ही गोष्ट मला मोठी वाटते. वरच्या गाड्या खालच्या वायरींशिवाय हलत नव्हत्या.

रेल्वेवाल्यांकडून आणखी एक शिकण्यासारखं आहे. 'एनट्रॅक' नावाची एक पद्धत १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात सुरू झाली. १:१६० प्रमाणातली छोटी रेल्वे, रुळांची रुंदी ९ मिलिमीटर. प्रत्येक सभासद घरी आपला एक तुकडा बनवतो. त्याच्या दोन टोकांना रूळ कुठे यायला हवेत, वायर कशी जोडायची, उंची किती, हे ठरलेलं असतं. टोकांच्या मध्ये काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. कुणी वाळवंट करतो, कुणी बंदर. सगळे आपापले तुकडे घेऊन एका सभागृहात जमतात, टोकाला टोक जोडतात, आणि गाडी कुणाच्या वाळवंटातून कुणाच्या बंदरात जाते. क्लबाचे नियम असेच असावेत असं माझं मत आहे. जिथे माणसं एकमेकांना जोडली जातात तिथे नियम काटेकोर हवेत: वेळेवर येणं, दुसऱ्याच्या मॉडेलला न विचारता हात न लावणं, उसनी घेतलेली हत्यारं परत करणं. त्यापलीकडे कुणी काय बनवावं, कोणत्या रंगात, किती अचूक, यात नाक खुपसू नये. 'हा हिरवा चुकीचा आहे' या एका वाक्याने मी नवे सभासद कायमचे जाताना पाहिले आहेत.

स्पर्धेबद्दल मात्र मला जपून बोलावंसं वाटतं. स्पर्धा हवीच, तिच्यामुळे हात सुधारतो. पण तिच्या दोन रीती आहेत. एकीत टेबलावरची मॉडेलं एकमेकांविरुद्ध लागतात आणि पहिला, दुसरा, तिसरा निघतो. दुसरीत प्रत्येक मॉडेल ठरलेल्या दर्जाशी ताडून पाहिलं जातं. दर्जा गाठणाऱ्या सगळ्यांना सुवर्ण, मग ते पाच असोत की एकही नसो. मी ठामपणे दुसऱ्या रीतीच्या बाजूने आहे. पहिल्या रीतीत शेजाऱ्याची चूक माझ्या फायद्याची ठरते, आणि ज्याच्या चुकीत माझा फायदा आहे त्याला मी मोकळेपणाने सल्ला का देईन? रीत कुठलीही असो, परीक्षकाने निकालानंतर खुर्ची ओढून बसलं पाहिजे. 'चाकांचा दांडा डावीकडे कलला आहे, समोरून पाहा' असं दाखवून दिलं तर बक्षीस न मिळालेला माणूस काहीतरी घेऊन घरी जातो.

आमच्याकडे सुट्या भागांचं एक खोकं आहे. किटमध्ये बरेचदा जास्तीचे भाग असतात: दोन तऱ्हेचे पंखे, तीन तऱ्हेचे बॉम्ब. डेकलच्या, म्हणजे मॉडेलवर चिकटवायच्या छापील चिन्हांच्या, एका शीटवर तीन-चार विमानांची चिन्हं असतात आणि मॉडेल एकच बनतं. उरलेलं सगळं त्या खोक्यात जातं. कुणाचा एखादा भाग चिमट्यातून उडून गालिच्यात गडप झाला, की तो आधी या खोक्यात हात घालतो. कोण किती टाकतो, कोण किती नेतो, याचा हिशेब कुणी ठेवत नाही आणि मागतही नाही.

आणि एक गोष्ट, जी बोलायला मला सोपी जात नाही. आमचे एक ज्येष्ठ सभासद गेले. घरच्यांनी क्लबाला बोलावलं, कारण भिंतभर किटांचं काय करायचं ते त्यांना कळेना. न उघडलेली किट्स आम्ही नीट याद्या करून विकली आणि पैसे घरी दिले. पण अर्धवट मॉडेलंही बरीच होती. प्रत्येक खोक्यात त्यांच्या हातची चिठ्ठी: 'उजव्या पंखाला चकचकीत थर द्यायचा राहिलाय, मगच डेकल.' मॅट रंगावर डेकल लावलं तर खाली हवा अडकते आणि त्याच्या पारदर्शक कडा चंदेरी चमकतात, म्हणून हा थर. ते असताना हे आम्हा प्रत्येकाला त्यांनी कधी ना कधी सांगितलं होतं. आम्ही ती मॉडेलं वाटून घेतली. अट एकच ठेवली: त्यांचा रंग खरवडायचा नाही. कुणाला एखादी छटा पटली नाही तरी ती तशीच राहील आणि काम तिथून पुढे जाईल. चकचकीत थर दिला गेला, डेकलं बसली, आणि पुढच्या प्रदर्शनात ती मॉडेलं त्यांच्या नावाने, शेजारी पूर्ण करणाऱ्याचं नाव लिहून मांडली. त्यांची नात कितीतरी वेळ तिथे उभी होती. नंतर ती सभासद झाली.

ती पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या मॉडेलच्या कॉकपिटवरच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या काचेवर सिमेंटचा अंगठा उमटला होता. तिला 'छान आहे' म्हणून वाटेला लावणं सोपं होतं. आमच्या त्या अबोल गड्याने तिला विचारलं, "कुठे अडलीस?" नव्या माणसाला विचारायचा याहून चांगला प्रश्न मला माहीत नाही. तो विचारला की तिच्याकडे सांगायला काहीतरी असतं आणि आपल्याकडे दाखवायला. काचेवरचा डाग बारीक ते अतिबारीक सँडपेपरने, पाणी लावून घासत जायचं, मग पॉलिश करायचं. ती तासभर घासत बसली, आणि तासभर दोघं बोलत होते.

म्हणून जे क्लब चालवतात, किंवा नवा काढायचा विचार करतायत, त्यांच्यासाठी माझी एकच मागणी आहे. प्रत्येक बैठकीत, आणि प्रदर्शनातसुद्धा, एक मोठं टेबल चालू कामासाठी राखून ठेवा. तयार मॉडेलं काचेमागे शोभतात, ती ठेवाच, पण लोक थांबतात ते कुणीतरी काहीतरी करत असतं तिथे, आणि विचारतात, "हे कसं करता हो?" त्या टेबलावर चांगला दिवा हवा, चार जास्तीच्या खुर्च्या हव्यात, भाग कापायचे दोन जादा निपर आणि सरावासाठी थोडे स्प्रू, म्हणजे सुटे भाग जिला जोडलेले येतात ती प्लॅस्टिकची चौकट, हवेत, म्हणजे विचारणाऱ्याला तिथल्या तिथे बसवून हातात निपर देता येईल.